पंधरा मिलिमीटर

गाडीला कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप, टाकले हे कळल्यावर पुण्यातल्या कुठल्याही गाडीवेड्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘किती खाली केलीस?’’ पंधरा मिलिमीटर म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. एवढे पैसे घालून पंधरा? टायर आणि मडगार्डच्या मधून अजून बोटं जातायत की! एकाने तर फोटो मोठा करून बघितला आणि ‘‘ही स्टॉकच आहे’’ (कंपनीतून आली तशीच) असा निकाल देऊन मोकळा झाला.

या प्रश्नाचा मला राग येत नाही, पण तो चुकीच्या टोकाने धरलेला आहे, असं माझं मत आता पक्कं झालंय. कॉइलओव्हरच्या नळीवर आटे असतात, आट्यांवर रिंग फिरते आणि रिंग फिरवली की गाडी वरखाली होते. हे डोळ्यांना दिसतं, फोटोत येतं, म्हणून सगळे त्यावरच बोलतात. पैसे मात्र नळीच्या आत गेलेले असतात. आत तेल असतं, पिस्टन असतो आणि पिस्टनवर एकावर एक रचलेल्या कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या असतात. तेल त्या चकत्या वाकवून पलीकडे जातं, आणि त्या किती वाकतात यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो. खड्ड्यातून निघाल्यावर तुमची मान एकदा हलणार की तीनदा, हे तिथे ठरतं. रिंग नुसती उंची ठरवते.

माझी गाडी ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ साली आपल्याकडे आली ती, २३० अश्वशक्तीची. ही रविवारची गाडी नाही. रोज कोथरूड ते हिंजवडी आणि परत, शनिवारी मंडई, अधूनमधून आईला घेऊन वाईला मावशीकडे. बरेच किलोमीटर झाल्यावर कुठल्याही गाडीचे शॉकअप दमतात, तसे हिचेही दमले होते. मागच्या एका शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसत होता, आणि चांदणी चौकातून वेगात उतरताना गाडी एका उंचवट्यावरून गेली की मागचा भाग उगाच दोनदा डोलायचा. बदलायचे होतेच. मग मूळचेच परत टाकायचे की थोडे वर घालून ॲडजस्ट होणारे घ्यायचे, एवढाच प्रश्न होता. घरात मात्र मी तो ‘आवश्यक दुरुस्ती’ या सदरात मांडला.

बाजारात नावं बरीच आहेत. जर्मनीची बिलस्टाइन, केडब्ल्यू, स्वीडनची ओलिन्स, तैवानच्या कितीतरी. एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू ठेवून मध्ये तरंगता पिस्टन टाकायची कल्पना फ्रान्सच्या द कार्बोंची. ती बिलस्टाइनने घेतली आणि १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांत बसवली. तेलाला फेस येऊ द्यायचा नाही, हा त्यामागचा हेतू. फेस आला की चकत्यांना वाकवायला तेलच उरत नाही आणि शॉकअप पोकळ पडतो. आपल्या रस्त्यांवर शॉकअपला विश्रांती अशी नसतेच, म्हणून मला एकनळीचेच हवे होते. मी तीस क्लिकचा, म्हणजे नॉब फिरवून शॉकअपचा अटकाव तीस टप्प्यांत कमीजास्त करता येणारा, तैवानी सेट घेतला. स्वीडनचे परवडले असते तर हा लेख बहुधा वेगळा झाला असता.

बसवायचं काम आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे, भोसरीला. या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे अमेरिकन इंजिनियर अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकात मांडलेली रचना, जी पुढे आपल्या मारुती ८०० मध्येही होती. स्प्रिंग शॉकअपच्या भोवती आणि शॉकअपच चाकाला उभा धरून ठेवणारा खांब. मागे मात्र स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. स्प्रिंग खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यावर, आतल्या बाजूला बसते, शॉकअप बाहेर चाकाजवळ. त्यामुळे खोक्यातून पुढचे दोन नग मिरवत बाहेर येतात आणि मागचे चार तुकडे बिचारे साधे दिसतात. उंचीची रिंग मागे स्प्रिंगच्या बैठकीला असते, शॉकअपला तिच्याशी काही देणंघेणं नसतं.

पुढचं काम वरून सुरू होतं, आणि गंमत म्हणजे वायपरपासून. वायपरचे दांडे काढा, काचेखालचं प्लास्टिकचं आवरण काढा, त्यातली दोन पावसाळ्यांची पिंपळाची पानं काढा, मग कुठे स्ट्रटचे वरचे तीन बोल्ट दिसतात. खाली स्ट्रटची नळी नकलच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, कड्यात घट्ट बसलेली असते आणि त्या कड्याला मागून एक उभी चीर असते. नवख्या पोराने सरळ हातोडा उचलला. मिस्त्रींनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि खिशातून एक लहानसा चपटा बिट काढला. चिरेत घालून पाव फेरा फिरवला. चीर केसभर उघडली आणि मघापासून हटून बसलेली नळी आपसूक खाली सरकली. इतका वेळ जीव खाणारी गोष्ट पाव फेऱ्यात सुटते तेव्हा गॅरेजातले सगळे दोन सेकंद गप्प होतात.

खरी चर्चा झाली ती पुढे, मागच्या आर्मच्या बोल्टवरून. या आर्मना रबरी बुश असतात. बुशच्या आतली लोखंडी नळी बोल्ट आवळला की जागीच पकडली जाते, आणि पुढे आर्म हलतो तो रबराला पीळ देत. गाडी लिफ्टवर असताना चाकं लोंबत असतात. त्या अवस्थेत बोल्ट आवळला, की गाडी जमिनीवर आल्याबरोबर प्रत्येक बुश पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा कायमचा ताणात. रबर लवकर फाटतं, गाडी जरा उंच बसते, कडक वाटते आणि मालक शॉकअपला शिव्या घालतो.

‘‘दादा, हवेतच टाइट करतो ना. खाली उतरवल्यावर हात कुठे जातो?’’ मिस्त्रींचा प्रश्न बरोबर होता. हात जात नाहीच. मग प्रत्येक चाकाच्या खाली जॅक लावून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर गाडी नव्या उंचीने जमिनीवर असताना जितकं असायला हवं तितकं करून, त्या उंचीवर बोल्ट आवळले. तेही नवे बोल्ट, कारण या गाडीचे बरेच बोल्ट ठरलेल्या टॉर्कनंतर आणखी काही अंश फिरवून ताणायचे असतात आणि ते एकदाच वापरायचे. मिस्त्रींना हे सगळं जास्तीचं वाटत होतं, पण त्यांनी केलं. नंतर त्यांनीच दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला अगदी अधिकारवाणीने ‘‘हवेत टाइट नाय करायचं’’ असं सांगितलेलं मी ऐकलं.

माझ्या सेटमध्ये पुढच्या स्ट्रटची उंची स्प्रिंगखालच्या रिंगने नाही, तळाच्या भांड्यासारख्या ब्रॅकेटने बदलते. स्प्रिंगखालची रिंग नुसती टेकवायची, स्प्रिंग हाताने खडखडणार नाही इतकीच. ती आवळून स्प्रिंग ‘कडक’ करता येते असा एक पक्का गैरसमज आहे. सरळ दराची, म्हणजे दर मिलिमीटरला सारखाच जोर लागणारी, स्प्रिंग आवळली म्हणून कडक होत नाही. पाच किलोला एक मिलिमीटर दबणारी स्प्रिंग आवळल्यानंतरही पाच किलोला एक मिलिमीटरच दबते. चाक खाली लोंबायची जागा तेवढी कमी होते, आणि ती जागा खड्ड्यात चाक उतरताना लागते.

आता थोडं आकड्यांचं. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या, आईनेही ते ऐकून घेतले नव्हते.

पुढच्या एका चाकावर, चाक-ब्रेक वगळून, या गाडीचं वजन चारशे किलोच्या आसपास येतं. मिलिमीटरला ३ किलोची स्प्रिंग असेल तर गाडीचा तो कोपरा सेकंदाला साधारण १.४ वेळा हेलकावे खाऊ पाहतो. ५ किलोची असेल तर १.७ ते १.८ वेळा आणि ८ किलोची असेल तर सव्वादोन वेळा. रोजच्या आरामाच्या गाड्या एक ते दीडच्या मधे असतात. दोनच्या वर गेलात की ट्रॅकची हवा लागते आणि घरचे लोक रिक्षाने जातो म्हणतात. मी ५ घेतली. मागच्या स्प्रिंगवरचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा बघून बरेच जण दचकतात, पण मागची स्प्रिंग आर्मवर आत बसलेली असल्याने चाकाला तिचा जोर पूर्ण मिळत नाही. तरफेचं प्रमाण वर्गाने लागतं. चाक दोन मिलिमीटर हलल्यावर स्प्रिंग एकच हलत असेल, तर चाकापाशी तिची ताकद निम्मी नाही, पाव राहते.

आणि मागचा हेलकावा पुढच्यापेक्षा जरा जलद हवा. हे १९३० च्या दशकात मॉरिस ओली या इंग्लिश इंजिनियरने कॅडिलॅकमध्ये वजनं इकडून तिकडे हलवता येणारी गाडी बनवून शोधलं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना नंतर. ताशी ६० च्या वेगाने, पुढच्या-मागच्या चाकांमधल्या सुमारे २.७ मीटरच्या अंतरात, हा उशीर सेकंदाच्या सहाव्या भागाइतका. मागचा भाग जरा जलद हेलकावला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट वरखाली होते. उलटं झालं तर गाडी नाक वर, शेपूट खाली करत राहते, आणि मागच्या सीटवरच्या माणसाला मळमळतं. मागच्या सीटवर कोण बसतं? आई.

म्हणून माझी चाचणी घेणारी आईच. पुणे–वाई रस्त्यावर चाचणीला लागणारं सगळं मिळतं. कात्रजची वळणं, शिरवळच्या आसपासचा लांब सपाट पट्टा, खंबाटकीचा चढ, आणि गावांच्या आधी रस्त्यावर ओळीने मारलेले ते जाड पांढरे पट्टे, ज्यांना सगळे रंबलर म्हणतात. मी सगळे क्लिक मध्यावर ठेवून निघालो होतो. मोजायची रीत अशी की नॉब घड्याळाच्या दिशेने अलगद बंद करायचा, तिथून उलटं मोजायचं. जोर लावायचा नाही, आत सुई असते. टायरची हवा सकाळी थंड असताना, दर वेळी सारखीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुढचं किंवा मागचं, आणि लगेच वहीत लिहायचं. लिहिलं नाही तर संध्याकाळपर्यंत मन स्वतःला हवं ते आठवतं.

रंबलरवर एक गोष्ट कळली जी दुकानात कुणी सांगत नाही. पहिला पट्टा मऊ गेला, दुसरा ठीक, पाचव्या-सहाव्याला गाडी दणकन आपटली. वाटतं शॉकअप कडक आहे, स्प्रिंग कडक आहे. प्रत्यक्षात काय होत होतं? दबलेल्या स्प्रिंगला परत उघडायला शॉकअप वेळच देत नव्हता. पुढचा पट्टा यायच्या आत चाक खाली पोहोचत नव्हतं, दर पट्ट्याला गाडी थोडी खाली बसत होती आणि शेवटी रबरी स्टॉपरवर टेकत होती. म्हणजे शॉकअपचा परत उघडतानाचा अटकाव जास्त होता. मागचे चार क्लिक सैल केले आणि तोच रंबलर एकसारखा गेला. ‘कडक’ वाटणाऱ्या निम्म्या गाड्यांना हाच आजार असावा असा मला संशय आहे. मालक मात्र स्प्रिंग बदलत बसतात.

फार सैल केलं तर दुसरं टोक येतं. उंचवटा गेल्यावर गाडी आणखी एकदा वर येते, वळणात स्टिअरिंग वळवल्यावर कलायला जरा जास्त वेळ घेते, मग सावरते. खंबाटकीत हे लगेच कळतं. कात्रजला कळत नाही, तिथे ट्रकमागेच सगळा वेळ जातो.

आईची तक्रार मात्र तिसरीच होती. ‘‘मोठा खड्डा चालतो रे. ही बारीक थरथर नको.’’ ती म्हणत होती ते एक्सप्रेसवेबद्दल, मुंबईला मामाकडे जाऊन आलो होतो त्यानंतर. मी हिशेब करून बघितला आणि तिचं पोट बरोबर निघालं. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर एक आडवा सांधा असतो. ताशी १०० ने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. म्हणजे सेकंदाला सहा ठोके. आणि बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेने सर्वांत जास्त बोचणारी थरथर नेमकी सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यातली असते, असं कंपनांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २६३१ सांगतं. गाडीचं अंग दीड-दोनला डोलतं, चाक दहा-पंधराला थडथडतं, आणि मधल्या त्या सहाच्या ठोक्यांना स्प्रिंग काही करत नाही. तिथे शॉकअप जितका आवळाल तितका तो ठोका थेट सीटमध्ये पोहोचवतो. पुढचेही दोन क्लिक सैल केले, टायरची हवा दोन पीएसआय कमी करून कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणली. हवेने जास्त फरक पडला. एवढे पैसे घातल्यावर फुकटच्या हवेने फरक पडावा हे जरा मनाला लागतं, पण पडला खरा.

आता त्या पंधरा मिलिमीटरचं. आणखी खाली का नाही? एक उत्तर रस्ता देतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, ताशी २५ ने गाडी जाईल असा. आमच्या सोसायटीतला तितकाच उंच आहे आणि रुंदीला हातभर. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, ‘‘पोरं जोरात जातात ना साहेब.’’ पण हे उत्तर सोपं आहे, दुसरं जास्त महत्त्वाचं. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म चाकाकडे जाताना किंचित खाली झुकलेला असतो. गाडी खाली आणत गेलात की तो आडवा होतो, मग चाकाकडे वर चढू लागतो. वळणात गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर या आर्मच्या कोनावर ठरतो, आणि गाडीचं वजनाचं केंद्र जितकं खाली येतं त्यापेक्षा तो कितीतरी वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर म्हणजे गाडीला कलवणारी तरफ. ती लांब होते. म्हणजे पन्नास मिलिमीटर खाली आणलेली गाडी दिसायला जमिनीला चिकटलेली आणि वळणात कलण्याची ओढ मूळपेक्षा जास्त. ती दाबायला आणखी कडक स्प्रिंग, दबायला जागा कमी म्हणून आणखी कडक, आणि मग स्टॉपरवर बसून प्रवास. पंधराला माझा आर्म अजून आडवाच्या जरा खाली आहे. मी टॉर्च घेऊन बघितलाय.

अलाइनमेंटबद्दल थोडक्यात. काही शे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसतात, तेव्हा उंची पुन्हा मोजून मगच अलाइनमेंट करावी. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरच्या बाजूने आत-बाहेर कल, पुढे उणे दीड अंशाच्या आत; टो, म्हणजे चाकांची पुढची कड आत-बाहेर वळलेली असणं, जवळजवळ शून्य. टायरची आतली कड खाल्ली जाते ती बहुतेक वेळा टोमुळे, दोष मात्र कॅम्बरला जातो. हेडलाइटची उंची ठरवणारा सेन्सर सस्पेन्शनला जोडलेला असतो, त्याला नवी शून्य-जागा शिकवावी लागते. नाहीतर समोरून येणारे डोळ्यांवर हात धरतात.

कायद्याचं बोलायला हवं, कारण आपल्या गटांत त्यावर सगळे हसून विषय बदलतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ मापांशी जुळेनासे होतील असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. जर्मनीत कॉइलओव्हरच्या खोक्यात तांत्रिक दाखला येतो, तपासनीस गाडी बघतो, मोजतो आणि बदल कागदावर चढवतो. आपल्याकडे असं दार नाही. आरटीओच्या खिडकीवर हा प्रश्न घेऊन गेलात तर माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग घड्याळाकडे. परिणाम असा की नीट बसवलेलं, अलाइन केलेलं सस्पेन्शन आणि स्प्रिंगच्या वेटोळ्या ग्राइंडरने कापून खाली बसवलेली गाडी, दोन्ही कागदावर एकच. हे मला पटत नाही. तरी माझी गाडी धुतल्या तांदळासारखी आहे असा दावा मी करणार नाही. मूळ स्प्रिंगा आणि पुढचे धड असलेले शॉकअप माळ्यावर बांधून ठेवलेत, मागच्यांसाठी नव्या शॉकअपचे पैसे बाजूला आहेत. वर्षातून एकदा बायको विचारते की ते भंगारात कधी द्यायचं.

पावसाळा जवळ आला की आट्यांची काळजी घ्यावी लागते. हिंजवडीच्या रस्त्यांवरचा चिखल, त्यात बांधकामाचं सिमेंट, हे आट्यांत जाऊन वाळलं की रिंग पुढच्या वर्षी हुक पान्याला दाद देत नाही. मऊ ब्रश, साधं पाणी, कोरडं करून मेणाचा फवारा. तेलकट ग्रीस नको, त्यावर धूळ आणखी बसते. पुढच्या उजव्या बाजूला स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर हलका टंग असा आवाज यायला लागलाय. वरच्या माउंटचं बेअरिंग असावं. मिस्त्री म्हणतात चालवा, मी म्हणतो उघडा.

टायरही आता संपत आलेत. नवे घेताना बाजू जरा मऊ असलेले घ्यायचं ठरलंय. ते आले की सगळे क्लिक पुन्हा मध्यावर आणि आईला विचारायचं, वाईला कधी जायचंय.